लंडनमध्ये दोन-चार दिवस: अस्सल ब्रिटिश जेवण जेवायचं कुठे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लंडनला थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचं बाकी सगळं ठरलेलं असतं. बिग बेन, ब्रिटिश म्युझियम, लॉर्ड्स, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर. जेवणाचं मात्र "तिथे गेल्यावर बघू". मग रात्री साडेनऊला लेस्टर स्क्वेअरमध्ये पायांचे तुकडे पडलेले असताना समोर दिसेल त्या दारात माणूस शिरतो आणि परत येऊन सांगतो की इंग्रजांना स्वयंपाक येत नाही. पाहुण्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. किमती अंदाजे आहेत. वेळा निघण्याआधी त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

ब्रिटिश जेवण बेचव असतं म्हणतात. त्यावर वेळ आणि पौंड कशाला घालवायचे?

मसाल्याच्या अपेक्षेने बसलात तर बेचवच लागेल. इथलं कसब भाजण्यात, पेस्ट्रीत, लोण्यात आणि चीजमध्ये आहे, फोडणीत नाही. बदनामीला इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून रेशनिंग सुरू झालं आणि ते पुरतं उठायला १९५४ उजाडलं. लोणी, साखर, मांस मोजूनमापून मिळत होतं, अंडी भुकटीची होती. जगभर नाव झालं ते त्या काळातल्या जेवणाचं. चित्र पालटलं नव्वदच्या दशकात. १९९१ मध्ये फॅरिंग्डन रोडवरच्या 'द ईगल'ने पबमध्ये नीट स्वयंपाक आणला आणि १९९४ मध्ये स्मिथफील्डच्या मांसबाजाराजवळ फर्गस हेंडरसन यांचं 'सेंट जॉन' उघडलं.

तिखट हवंच असेल तर इंग्लिश मस्टर्ड मागा. पिवळीधमक, गरीब दिसते. चमचाभर तोंडात गेली की झणका थेट नाकात. बेताने घ्या.

दोनच दिवस आहेत. ठिकाण निवडायचं कसं?

आधी पदार्थ ठरवा, मग त्याची वेळ, आणि ठिकाण सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात: "लंडनमधली सर्वोत्तम दहा ब्रिटिश रेस्टॉरंट्स" अशी यादी उघडतात आणि मंगळवारी रात्री रोस्ट शोधत फिरतात. इथे प्रत्येक पदार्थाचं घर वेगळं आहे आणि त्याची वेळही ठरलेली आहे. भरपेट नाश्ता सकाळी साध्या कॅफेत. पाय-मॅश (मांस भरलेली भाजलेली पेस्ट्री आणि कुस्करलेला बटाटा) दुपारी, त्याच्याच दुकानात. फिश अँड चिप्स तळणाऱ्याकडे. रोस्ट रविवारी दुपारी पबमध्ये. आफ्टरनून टी तीन ते पाचच्या दरम्यान. हे सगळंच्या सगळं एका मेनूवर, आठवडाभर, सकाळी अकरा ते रात्री अकरा मिळत असेल तर ते दुकान तुमच्यासारख्या प्रवाशांसाठीच उघडलेलं आहे, पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी नाही.

दोन दिवसांत एक कॅफेतला नाश्ता, एक पबमधलं जेवण आणि एकदा फिश अँड चिप्स एवढं झालं तरी पुष्कळ.

नाश्ता हॉटेलमध्ये खोलीभाड्यातच आहे. तरी बाहेर जायचं?

एक सकाळ तरी जा. हॉटेलच्या बुफेत अंडी तासभर गरम ताटात पडून असतात. पिम्लिकोतलं 'रीजन्सी कॅफे' १९४६ चं आहे. बाहेरून काळ्या टाइल्स, आत चौकटीचे पडदे, मेनूकार्डाचा थाट नाही. काउंटरवर उभं राहून सांगायचं, पैसे द्यायचे, जागा धरायची. थोड्या वेळाने काउंटरवरून तुमची ऑर्डर अशा खणखणीत आवाजात पुकारली जाते की नवखा माणूस दचकतोच. उठून आपली थाळी आपण आणायची. बेकन, सॉसेज, अंडं, बीन्स, टोमॅटो, मशरूम, टोस्ट आणि कडक चहा. हा चहा आपल्या माणसाला लंडनमध्ये मिळणारा त्यातल्या त्यात जवळचा, आलं-वेलची विसरा.

दुसरं ठिकाण बेथनल ग्रीन रोडवरचं 'ई. पेलिची'. एका इटालियन कुटुंबाने १९०० पासून चालवलेलं, लाकडी नक्षीकामाच्या भिंतींमुळे वारसा वास्तूंच्या यादीत असलेलं. जागा इवलीशी, त्यामुळे अनोळखी लोकांच्या टेबलावर बसावं लागतं. त्यात गंमत आहे. ही दोन्ही ठिकाणं रविवारी बंद असतात.

थाळीतली काळी चकती म्हणजे ब्लॅक पुडिंग, ते डुकराच्या रक्ताचं असतं. नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. शाकाहारी नाश्ता असा वेगळा पर्याय बहुतेक कॅफेत लिहिलेलाच असतो.

संडे रोस्ट कुठे खावा?

तुमच्या मुक्कामापासून चालत जाता येईल अशा चांगल्या पबमध्ये. एवढंच उत्तर खरं तर पुरे, कारण रोस्टसाठी तासभर ट्यूबने (भुयारी रेल्वेने) जाण्यात अर्थ नाही. पण जागा आधी राखून ठेवा. रविवारी साधारण बारापासून वाढायला सुरुवात होते आणि संपलं की संपलं. संध्याकाळी सहाला गेलात तर "बीफ संपलं, चिकन संपलं, नट रोस्ट (दाण्यांचा शाकाहारी रोस्ट) आहे" असं ऐकायची तयारी ठेवा. माणशी वीस ते अठ्ठावीस पौंड धरा.

ताटात भाजलेलं मांस (गाय, डुक्कर, कोकरू किंवा कोंबडी), बाहेरून कुरकुरीत बटाटे, गाजर-कोबीसारख्या भाज्या, ग्रेव्ही आणि यॉर्कशायर पुडिंग येतं. हे पुडिंग गोड नसतं. मैदा, अंडं आणि दुधाचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवतात; मधे खळगा पडतो, त्यात ग्रेव्ही ओतायची. चांगल्या पबची पारख मांसापेक्षा यावर आणि बटाट्यांवर होते. चामट यॉर्कशायर आणि पिचपिचीत बटाटे आले, तर ते फ्रीजमधून निघून गरम झालेत समजा.

आम्ही मांसाहारी आहोत, पण गोमांस खात नाही. कशाकशाला जपायचं?

हा प्रश्न लाजत लाजत विचारला जातो. तसं काही कारण नाही, इथे वाढप्याला आहाराचे प्रश्न रोज ऐकायची सवय आहे. गोमांस दिसतं तिथे दिसतंच. अडचण चरबीची आहे. फिश अँड चिप्सची काही दुकानं अजून गाईच्या चरबीत, म्हणजे बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात. उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, ती सर्रास पद्धत आहे. लंडनमध्ये बहुतेक जण वनस्पती तेल वापरतात, पण थिओबाल्ड्स रोडवरच्या 'फ्रायर्स डिलाइट'सारख्या जुन्या दुकानांची ख्याती या ड्रिपिंगमुळेच आहे. यॉर्कशायर पुडिंग आणि रोस्टचे बटाटे यांनाही हेच विचारा.

मग सुएट. ही गाईच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. स्टेक अँड किडनी पुडिंगच्या आवरणात तर ती असतेच, पण स्पॉटेड डिक, जॅम रोली-पोली आणि ख्रिसमस पुडिंग या गोड पदार्थांतही पूर्वापार हीच असते. हल्ली वनस्पतीजन्य सुएट मिळतं आणि बरेच जण ते वापरतात, म्हणून विचारायला हवं.

नावांत दोन जोड्या लक्षात ठेवा. शेपर्ड्स पायमध्ये कोकराचा खिमा, कॉटेज पायमध्ये गाईचा; वरून दोन्ही सारखेच, कुस्करलेल्या बटाट्याचा थर दिलेले. आणि नुसतंच "पाय अँड मॅश" लिहिलं असेल तर आत गोमांस आहे असंच धरून चाला. कॉर्निश पास्टीतही तेच. चीज-कांद्याची पास्टी वेगळी मिळते.

बिनधास्त काय खायचं? मासे, कोकरू, कोंबडी आणि शिकारीचे पक्षी. डुक्कर चालत असेल तर बँगर्स अँड मॅश (सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा) आहेच. स्कॉच एग (खिम्यात गुंडाळलेलं अंडं) आणि सॉसेज रोल हेही डुकराचेच असतात, नाव काही सांगत नसलं तरी.

आणि पूर्ण शाकाहारी असू तर? अंडंही नको असेल तर?

शाकाहाराचं इथे कुणाला नवल नाही. इथली व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ साली स्थापन झाली. १८८८ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी आलेल्या गांधीजींना पोटभर जेवायला मिळालं तेही फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी खाणावळीत. आज प्रत्येक पबच्या मेनूवर हिरवं 'व्ही' असतंच. पारंपरिक पदार्थांत प्लाउमन्स लंच (पाव, चीजचा जाड तुकडा, लोणचं), कॉलीफ्लॉवर चीज, जॅकेट पोटॅटो, मशरूम पाय आणि वेल्सकडचं ग्लॅमॉर्गन सॉसेज म्हणजे चीज, लीक आणि पावाच्या चुऱ्याचे तळलेले रोल. मेनूवर दिसलं तर हे शेवटचं सोडू नका.

खाचखळगे असे. वेल्श रेअरबिट हा दिसायला साधा चीज टोस्ट, पण त्यात वूस्टरशायर सॉस पडतो आणि त्यात अँकोव्ही मासे असतात. चिप्स माशांच्याच कढईत तळले जातात. ट्रायफल या थरांच्या गोड पदार्थातल्या जेलीत जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं जिलेटिन असतं. काही पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. रोस्टसोबतची ग्रेव्ही "व्हेजिटेरियन आहे का" हे स्वतंत्र विचारा, नट रोस्ट मागवला तरी.

इथल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणाला १४ अॅलर्जनांची माहिती द्यावी लागते. ती यादी मागून घ्या. अंडं, दूध, मासे, कवचीचे प्राणी हे सगळं त्यात येतं, त्यामुळे वूस्टरशायर सॉसमधला मासाही पकडला जातो. पण जिलेटिन, रेनेट आणि चरबी त्या यादीत नसतात. ते तोंडानेच विचारायचं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी गोडात अॅपल क्रंबल सर्वांत सोपं: सफरचंद, वर मैदा-लोणी-साखरेचा चुरा. शॉर्टब्रेडही बिनअंड्याचं. क्रंबलवरच्या कस्टर्डची गंमत आहे. डब्यातली कस्टर्ड पावडर बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये काढली ती बायकोला अंड्याची अॅलर्जी होती म्हणून. त्यामुळे साध्या कॅफेतलं कस्टर्ड बऱ्याचदा बिनअंड्याचं असतं आणि महागड्या रेस्टॉरंटमधलं हमखास अंड्याचं. अर्थात विचारूनच खा.

फिश अँड चिप्स कुठे?

जिथे मागितल्यावर तळतात तिथे. काउंटरवरच्या काचेच्या गरम पेटीत माशांची रांग लागलेली असेल आणि गिऱ्हाईक कुणी नसेल तर पुढे चला. पाच-सात मिनिटं थांबायला सांगितलं तर आनंदाने थांबा. मॅरिलबोन लेनमधलं 'गोल्डन हाइंड' १९१४ पासूनचं. बसून खाता येतं, गर्दीही बेताची. ब्लूम्सबरीत ली स्ट्रीटवरचं 'नॉर्थ सी फिश' ब्रिटिश म्युझियम बघून झाल्यावर सोयीचं.

कॉड की हॅडॉक? हॅडॉक घ्या, चव थोडी जास्त. काटे काढलेला अख्खा तुकडा येतो, त्यामुळे मुलांनाही देता येतो. आतला मासा अळणी असतो. मीठ आणि माल्ट व्हिनेगर आपण वरून मारायचं, तेही हात न आखडता. सुरमईच्या तव्यावरच्या तुकडीशी तुलना करत बसलात तर मासाही वाया आणि पैसेही. सोबत मशी पीज मागवा. हिरवट लगदा बघून नाक मुरडू नका, सुकवलेले मोठे वाटाणे भिजवून शिजवलेले असतात, आपल्या जिभेला लगेच पटतात.

पाय-मॅश हा काय प्रकार आहे?

पूर्व आणि दक्षिण लंडनच्या कामगारांचं जेवण. टॉवर ब्रिज रोडवरचं 'एम. मान्झे' अजून त्याच हिरव्या-पांढऱ्या टाइल्स, संगमरवरी टेबलं आणि अरुंद लाकडी बाकांसह चालू आहे. खिम्याचा पाय, थाळीच्या कडेला खरवडून लावलेलं मॅश आणि वरून पार्स्लीचा हिरवा सॉस, ज्याला 'लिकर' म्हणतात; दारू त्यात नसते. खाणारे पाय उलटा करतात, तळाला भोक पाडतात, त्यात तिखट व्हिनेगर ओततात आणि काटा-चमच्याने खातात. हे दुपारचं जेवण, स्वस्त आणि झटपट. टॉवर ब्रिज बघून चालत जाता येतं. जेलीतली ईल मासळी चाखायचं धाडस ज्याचं त्याने ठरवावं. मला ती आवडत नाही.

एक जेवण थाटात करायचं आहे. कुठे?

जुना थाट हवा असेल तर कॉव्हेंट गार्डनजवळ मेडन लेनमधलं 'रूल्स'. १७९८ मध्ये थॉमस रूल यांनी सुरू केलेलं, लाल मखमल, भिंतीभर चित्रं आणि शिंगं. नाटक बघायला जाणार असाल तर अगदी दोन पावलांवर. इथे शिकारीचे पक्षी खावेत. ग्राउस या रानपक्ष्याचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो. जपून चावा, मांसात छर्रा सापडू शकतो. तशी सूचना मेनूवर असते. माणशी साठ-सत्तर पौंड सहज होतात.

थाट नको, स्वयंपाक हवा असेल तर 'सेंट जॉन'. पांढऱ्या भिंती, लाकडी टेबलं, सजावट नावाला नाही. गाजलेला पदार्थ म्हणजे भाजलेल्या नळ्या: लांबट चमच्याने आतला मगज टोस्टवर काढायचा, वर जाडं मीठ, शेजारी पार्स्लीचं सॅलड. नल्लीवर ताव मारणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मात्र त्या नळ्या वासराच्या असतात.

मासे आवडत असतील तर सिटी या लंडनच्या जुन्या व्यापारी भागातलं 'स्वीटिंग्ज', १८८९ चं. फक्त सोमवार ते शुक्रवार, फक्त दुपारी, जागा राखून ठेवण्याची सोय नाही. हे बसवता आलं तर बसवाच.

पबमध्ये कसं वागायचं? मुलांना नेता येतं का?

काउंटरवर जा, टेबलाचा नंबर सांगा, पैसे द्या. टेबलावर कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघत बसलेली मंडळी मी बरीच बघितली आहेत. दारू प्यायलाच हवी असं अजिबात नाही, लेमोनेड मागितल्याने कुणी वाकडं बघत नाही. स्वयंपाकघर पबच्या आधी बंद होतं: दुपारी अडीच-तीनला, पुन्हा रात्री नऊच्या आसपास. साडेनऊला दिवे, माणसं, गोंगाट सगळं असतं आणि खायला फक्त शेंगदाणे.

मुलांना जेवणाच्या वेळी बहुतेक पब घेतात, पण तो मालकाचा निर्णय असतो आणि संध्याकाळी कित्येक ठिकाणी नकार मिळतो. आधी विचारा.

जुनी वास्तू बघायची असेल तर फ्लीट स्ट्रीटवरचं 'ये ओल्ड चेशायर चीज' (१६६६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी पुन्हा बांधलेलं) आणि सदर्कचं लाकडी सज्ज्यांचं 'जॉर्ज इन'. खरं सांगायचं तर तिथे एक पेय घ्यावं, वास्तू बघावी आणि जेवायला दुसरीकडे जावं.

आफ्टरनून टी परवडतो का?

मोठ्या हॉटेलात माणशी साठ ते नव्वद पौंड. एवढ्या पैशांत सँडविचेस, स्कोन, छोटे केक आणि दोन तासांची बैठक. दुपारचं जेवण गाळलंत तरच पैसे वसूल. नाहीतर कुठल्याही बऱ्या टी-रूममध्ये क्रीम टी घ्या: स्कोन, क्लॉटेड क्रीम, जॅम आणि चहा, पंधरा पौंडांच्या आसपास. खरी मजा त्या क्रीममध्येच आहे. शाकाहारी ताट हवं असेल तर जागा राखतानाच कळवा. आयत्या वेळी सांगितलं की काकडीची सँडविचेस तेवढी वाढवून देतात.

बिलावर साडेबारा टक्के कसले?

सर्व्हिस चार्ज. तो ऐच्छिक असतो, सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतो. तो दिलात की वेगळी टिप नको. ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याने हे पैसे पूर्णपणे कर्मचाऱ्यांना द्यावे लागतात, त्यामुळे "मालकाच्याच खिशात जातं" ही शंका आता बाळगू नका. पब काउंटरवर टिप देत नाहीत. पाणी मागताना "टॅप वॉटर" म्हणा, नाहीतर बाटली येते आणि तिचे चार-पाच पौंड लागतात.

फसवं ठिकाण ओळखायचं कसं?

दाराशी उभं राहून बोलावणारा माणूस. पदार्थांचे फोटो. पिझ्झा, करी आणि फिश अँड चिप्स एकाच पाटीवर. युनियन जॅक जितके जास्त तितकं जेवण सुमार, हा माझा खासगी ठोकताळा. दारावर शून्य ते पाच आकड्यांचा हिरवा-काळा स्वच्छतेचा स्टिकर बघा. इंग्लंडमध्ये तो लावणं सक्तीचं नाही, म्हणून पाच मिळालेले दिमाखात लावतात. दिसला नाही तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर नाव टाकून आकडा बघता येतो.

चिकन टिक्का मसाला ब्रिटिश धरायचा का?

२००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी त्याला खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं, आणि शेख दीन महंमद यांनी इथे पहिलं हिंदुस्थानी भोजनगृह १८१० मध्येच उघडलं होतं. तेव्हा हक्क आहे. पण दोन दिवसांसाठी मुंबई-पुण्याहून येऊन तो खाऊ नका. तिसऱ्या दिवशी जीव अगदीच कासावीस झाला तर गोष्ट वेगळी.

ख्रिसमसच्या सुट्टीत येतोय. काही अडचण?

२५ डिसेंबरला मोठी अडचण. त्या दिवशी ट्यूब आणि बस दोन्ही पूर्ण बंद. उघडी असलेली रेस्टॉरंट्स ठरावीक मेनू लावतात, चढ्या भावाने, पैसे आधी भरून. चालत जाता येईल असं ठिकाण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच ठरवा किंवा २४ ला सुपरमार्केट लवकर बंद व्हायच्या आत पाव, चीज, मिन्स पाय आणून खोलीत ठेवा. मिन्स पायमध्ये आता खिमा नसतो, सुका मेवा असतो; पाकिटावर 'सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स' लिहिलंय का तेवढं बघा.